सहा नंबरचा दिवा

ती शाळेत शिकवत नव्हती, तरी तिच्याइतका वचक शाळेत दुसऱ्या कुणाचा नव्हता. कार्यालयात खिडकीपाशी तिचं टेबल होतं आणि एकवीस वर्षं शाळेचं वेळापत्रक तीच बसवत आली होती. अठ्ठेचाळीस शिक्षक, बत्तीस वर्ग, एक प्रयोगशाळा आणि अर्धं मैदान. उरलेल्या अर्ध्यावर कुठल्याशा बांधकामाची खडी पडून होती. गणिताचे दोन सर एकमेकांचं तोंड बघत नसत, म्हणून त्यांचे मोकळे तास ती कधी एकत्र येऊ द्यायची नाही. चित्रकलेच्या बाईंना जेवणानंतर डुलकी लागायची, म्हणून नेमका तेव्हाच त्यांना सातवीचा वर्ग. शिक्षकांनी तिचं नाव तासबाई ठेवलं होतं. मुख्याध्यापक म्हणायचे, तुम्ही रजेवर गेलात की शाळेला किती वाजले ते कळत नाही. हे ती तिथल्या तिथे हसण्यावारी न्यायची आणि संध्याकाळी घरी येऊन नवऱ्याला शब्द न शब्द सांगायची.

अशा बाईच्या हातात वीज कंपनीने तासांचा तक्ता दिला, तेव्हा पुढे काय होणार हे तिच्या नवऱ्याने पहिल्याच दिवशी ओळखलं.

तक्ता साधा होता. रोज पहाटे तो मोबाइलवर यायचा. दिवसाचे चोवीस चौकोन. ज्या तासाला वीज बहुतेक ऊन, वारा आणि धरणाच्या पाण्यावर चालणार, तो हिरवा. ज्या तासाला कोळसा जाळूनच भागवावं लागणार, तो लाल. मधले पिवळे. ऊन कललं की आणि घरोघरी लोक एकदम दिवे, शेगड्या, गीझर लावायला लागले की तक्ता तांबडा व्हायचा तो थेट झोपायच्या वेळेपर्यंत. वारा असला तर मध्यरात्रीनंतर पुन्हा हिरवा.

बाकीच्यांच्या मोबाइलवर तो आला आणि गेला. तिच्या मात्र काळजाला भिडला, आणि त्याला कारण होतं. तिचं माहेर वीजकेंद्राच्या धुराड्यांखाली होतं. लहानपणी दोरीवरचे कपडे घरात आणायच्या आधी झटकायचे असतात, हे तिला पाढ्यांच्या आधी शिकवलं गेलं होतं. तिची आई कपडे वाळत घालायला बाहेर आली की आधी धुराकडे बघायची, मग दोरीकडे. पांढरा रंग त्या घरात कुणी घेत नसे. तिच्या वडिलांचा खोकला इतका जुना होता की तो थांबला की घरातले दचकायचे. तेव्हा हा तक्ता तिला नुसतं एक चित्र वाटला नाही. कुणीतरी इतक्या वर्षांनी विचारलं होतं की बाई, हे कमी करायला तू काय करशील, आणि वेळापत्रक बसवणं तिला येत होतं.

तिने घर बसवायला घेतलं. कपड्यांचं यंत्र दुपारी बाराला, टायमर लावून. नवरा औषधांच्या दुकानात सकाळपाळीला होता, तो तीनला घरी यायचा, तेव्हा इस्त्री त्याच्याकडे. नऊच्या आत आंघोळीला गीझर नाही. रात्रीचं जेवण सुट्टीच्या दिवशी दुपारीच शिजायचं आणि इतर दिवशी संध्याकाळी गॅसवर जे होईल ते. मिक्सर, पाण्याची मोटर, मोबाइलचं चार्जिंग, सगळ्यांना आपापला तास मिळाला. नवरा एकदा म्हणाला, माझा श्वास हिरव्यात चाललाय ना तेवढं बघून सांग. ती हसली, पण त्या दिवशी त्याने केस कापायचं यंत्र साडेसहाला लावलं तेव्हा तिने ते भिंतीतून उपटलं.

राहता राहिले सासरे. ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते आणि मागच्या, उत्तरेकडच्या खोलीत राहायचे. थंडीत त्यांचे गुडघे धरायचे. आदल्या वर्षापर्यंत दोन सळ्यांचा एक हीटर संध्याकाळी त्यांच्या खोलीत असायचा. सात ते नऊ, म्हणजे तांबड्यातले तांबडे तास. तिने तो हीटर पुसून, वायर गुंडाळून माळ्यावर टाकला आणि सासऱ्यांना दोन नवी पांघरुणं आणली. शिवाय जायच्या आधी ती नवऱ्याला बजावून जायची की तीन वाजता पाणी तापवून जुन्या थर्मासमध्ये भरायचं आणि सातला रबरी पिशवीत ओतून बाबांना द्यायचं. तिला ही युक्ती फार आवडली होती. दुपारची ऊब संध्याकाळी, असं ती सांगायची. सातपर्यंत ते पाणी कितपत गरम राहतं हे तिने कधी हात लावून पाहिलं नाही. सासऱ्यांना विचारलं तर ते म्हणायचे, छान आहे.

घर बसलं तशी तिची नजर इमारतीकडे वळली. तीन मजले, मजल्यावर दोन घरं. तळमजल्याच्या जिन्यात जुन्या सूचनांचा लाकडी फळा रिकामाच होता. शाळेतून तिने हिरवा, पिवळा आणि लाल खडू आणला आणि रोज सकाळी फळ्यावर त्या दिवसाचे तास लिहायला लागली. अक्षर तिचं मोत्यासारखं. पहिल्यांदा लोकांनी गंमत म्हणून वाचलं, मग सवय म्हणून, आणि हळूहळू दुपारी बाराच्या सुमाराला इमारतीत कपड्यांची चार यंत्रं एकदम घरघरायला लागली. तो आवाज रविवारी घरी बसून ऐकताना तिला काय वाटायचं ते तिने कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं ते नव्हतंच. पण त्या आवाजावर तिला झोप छान लागायची.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. इथे ती थांबली असती तर कुणाचं काही बिघडलं नसतं.

जिन्याखाली मीटरची खोली होती. खोली कसली, कपाटच. पण आत सहा मीटर ओळीने होते आणि प्रत्येकावर एक बारीक लाल दिवा लुकलुकायचा. घरात वीज जितकी जास्त चालू, तितका तो भराभर. आदल्या वर्षी मीटर बदलले होते आणि वायरमनने पेनने लिहिलेले नंबर पुसट झाले होते, म्हणून एका रविवारी तिने स्वच्छ पाट्या लिहून चिकटवल्या. एक ते सहा. तेव्हापासून संध्याकाळी सात वाजले की ती शाल घेऊन खाली उतरायची आणि दिवे बघायची. मग पायरीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याशी दोन शब्द बोलायची. तास पाऊण तास तिचा तिथे जायचा. पाच नंबर तिच्या घराचा. पाचचा दिवा इतका सावकाश लुकलुकायचा की बघणाऱ्याला वाटावं गेला. ती लोकांना तो दाखवायची. म्हणायची, घरात चार माणसं काळोखात नाही बसलेली हं, फक्त शिस्त आहे. चार नव्हती, तीन होती. पण बोलताना तिच्या तोंडून चार निघायचं.

आणि सहाचा दिवा मात्र पिसाळल्यासारखा उडत असायचा.

सहा नंबर म्हणजे तिच्या समोरचं दार. तिथे एक शिलाईवाली आणि तिची मुलगी राहायच्या. शिलाईवालीचा नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. लोकांचे कपडे उसवणं, घट्ट करणं, बाह्या बसवणं यावर तिने घर चालवलं होतं आणि मुलगी कॉलेजात गेली होती. बाई अबोल. बोलली तर बहुतेक वेळा तिच्या ओठात टाचण्या असायच्या. तासबाईने पहिल्यांदा तिला जिन्यात गाठून गोडीत सांगितलं की संध्याकाळी काहीतरी मोठं चालू राहतंय, बघा जरा. शिलाईवाली गोंधळली. म्हणाली, मी तर इस्त्रीसुद्धा फळा बघून दुपारीच उरकते. तासबाईने मान हलवली, आणि मनात म्हणाली, दिवा काय खोटं बोलतो.

आठवड्याने तिने फळ्याच्या तळाशी एक नवी ओळ सुरू केली. ‘काल संध्याकाळी सर्वांत जास्त वापर’ आणि पुढे लाल खडूने आकडा. नाव नाही, फक्त आकडा. नाव लिहिणं तिच्या शिस्तीत बसत नव्हतं. पहिल्या दिवशी सहा. दुसऱ्या दिवशी सहा. दोन आठवडे सहा. इमारतीत विनोद सुरू झाले. दुसऱ्या मजल्यावरचा पेन्शनर शिलाईवालीला जिन्यात म्हणाला की तुमच्याकडे थंडीत बसायला यावं म्हणतो, भट्टी आहे असं ऐकलं. महिन्याच्या बैठकीत पाण्याच्या टाकीचा विषय संपल्यावर कुणीतरी सहा नंबरचा काढला. सगळे शिलाईवालीकडे बघायला लागले. ती मांडीवरच्या पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होती. तेव्हा तासबाई शांतपणे, कुणाकडेच न बघता म्हणाली, “कामाचं निमित्त सगळ्यांनाच सांगता येतं. प्रश्न घरातल्या वळणाचा असतो.”

वळण हा शब्द तिने मुद्दाम निवडला नव्हता. पण तो कुणाकडे गेला हे सगळ्यांना कळलं. ज्या घरात एक तरुण मुलगी आहे आणि बाप नाही, त्या घराबद्दल वळण म्हटलं की आणखी काही म्हणावं लागत नाही. शिलाईवालीची मान कानापर्यंत लाल झाली.

त्यानंतर चार दिवसांनी शिलाईवालीची मुलगी घरातून गेली. फार लांब नाही, दोन बसथांब्यांवर मावशीकडे. लोकांना वाटलं परीक्षेसाठी गेली असेल. तासबाईने एवढंच पाहिलं की समोरच्या दाराशी मुलीच्या चपला नाहीत, आणि सहाचा दिवा तरी तसाच उडतोय.

मुलगी गेल्याच्या पाचव्या दिवशी सात वाजून गेले असतील, ती मीटरपाशी उभी असताना शिलाईवाली जिना उतरून आली. हातात टॉर्च. तोंडात टाचण्या नव्हत्या. तिने येऊन सहा नंबरच्या मीटरवर उजेड टाकला आणि म्हणाली, “बाई, माझं मेन बंद आहे. खटका खाली पाडूनच आले. घरात काळोख आहे.”

सहाचा दिवा उडत होता.

तासबाई म्हणाली की वायरिंगमध्ये काही दोष असेल, गळती असेल, वायरमनला बोलवायला हवं. हे म्हणताना तिची नजर सहावर नव्हती. ती पाचकडे बघत होती. पाचचा दिवा मेला होता. एकदाही लुकलुकला नाही. आणि वर आपल्या घरात स्वयंपाकघराचा दिवा, फ्रिज, नवऱ्याचा बातम्यांचा रेडिओ, सगळं चालू आहे हे तिला माहीत होतं. कळायचं ते त्याच क्षणी कळलं. तरीही ती आणखी दोन वाक्यं बोलली, वायरिंगवरच, कारण गप्प बसलं की समोरची बोलणार होती.

समोरची बोललीच. म्हणाली, एकेकाने मेन बंद करून बघू, आधी तुमचं बघा म्हणजे तुमचा तरी प्रश्न मिटेल. तिच्या आवाजात टोचून बोलणं नव्हतं. तिला खरंच वाटत होतं की सहा नंबरवर काहीतरी दोष आहे आणि आगबीग लागेल.

शिलाईवाली मीटरपाशी थांबली आणि तिला लावलेला फोन चालू ठेवून तासबाई जिना चढली. तीन मजले. एरवी ती खालूनच नवऱ्याला हाक मारायची, आज नाही मारली. दारात किल्ली घातली, फिरवली, आत पाऊल टाकलं आणि दाराशेजारच्या मेनकडे हात उचलला. हात अजून वरच होता तेवढ्यात कानाशी फोनमधून शिलाईवालीचा आवाज आला, “मंद झाला. केलंत का बंद?”

तिने काहीच केलं नव्हतं.

नवरा बाहेरच्या खोलीत उभा होता, जागच्या जागी, काहीतरी चोरून करताना पकडल्यासारखा. मागच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. तिने ते ढकललं. सासरे खुर्चीत ताठ बसले होते आणि दोन्ही पांघरुणं अंगाभोवती गच्च ओढलेली होती. तापलेल्या धुळीचा वास येत होता. पलंगाखालून आवाज येत होता, कट्, कट्, थांबून पुन्हा कट्, तापलेलं पत्र्याचं सामान निवताना करतं तसा.

“मी काही लावलेलं नाही,” सासरे म्हणाले.

तिने पलंगाखाली वाकून पाहिलं. ते पुन्हा म्हणाले, जरा घाईने, “आत्ताच लावला होता सूनबाई. पाचच मिनिटं.”

अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस. बत्तीस वर्षं त्यांनी टपाल वाटलं होतं, दुसऱ्याचं एक पाकीट कधी उघडं पडू दिलं नव्हतं, आणि तिच्या घरात ते पलंगाखाली हीटर लपवून खोटं बोलत होते. त्यांना खोटं बोलता येत नव्हतं हे सगळ्यात वाईट होतं.

मग नवऱ्याकडून कळलं ते असं. हिवाळा सुरू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात त्याने हीटर माळ्यावरून काढला होता. संध्याकाळी ती घरात असताना लावणं शक्य नव्हतं. पण सात वाजता ती दिवे बघायला खाली जायची. ती उतरली की हे लावायचे, तिची चप्पल जिन्यात वाजली की बंद. तास पाऊण तास मिळायचा. मग तिने विचारलं की मला सांगितलं का नाही, आणि नवरा पायाकडे बघत म्हणाला, “बाबा नको म्हणाले. म्हणाले, ती लोकांना आपलं घर दाखवते.”

फोन तिच्या हातात अजून चालू होता. तिने तो कानाला लावला तेव्हा शिलाईवाली विचारत होती की वर येऊ का.

ती वर आली आणि दारातच उभी राहिली. तासबाईला आता सांगणं भाग होतं, आणि सांगता सांगता तिला पाट्यांचा रविवार आठवला. वायरमनचे पुसट नंबर अगदीच गेले नव्हते. शेवटच्या दोन मीटरांवर त्याने उलटं लिहिलं होतं, आधी सहा, मग पाच. तिला वाटलं होतं, हा गबाळेपणा. आकडे एकापाठोपाठ यायला हवेत. तिने ओल्या फडक्याने त्याचे नंबर पुसले आणि आपल्या पाट्या ओळीने लावल्या. विजेच्या बिलावर मीटरचा क्रमांक छापलेला असतो, तो ताडून बघायला दोन मिनिटं लागली असती. बिल नवरा भरायचा. तिला किती युनिट जळली यात रस नव्हता, कधी जळली यातच होता. म्हणजे इतके दिवस ती ज्या सावकाश लुकलुकणाऱ्या दिव्याचा अभिमान बाळगत होती, तो समोरच्या घरातला होता. अख्ख्या इमारतीत तिचा फळा मनापासून पाळणारी ही एकच बाई होती, आणि तिलाच ती तीन आठवडे लाल खडूने लिहीत होती.

शिलाईवालीने सगळं ऐकलं. रागावली असती तर बरं झालं असतं. ती चौकटीला टेकून म्हणाली, “मी पोरीला मारलं, बाई. अठरा वर्षांत पहिल्यांदा.”

तिने सांगितलं ते तुटक होतं. बैठकीनंतर तिने घरातली प्रत्येक वस्तू संध्याकाळी बंद केली होती. फ्रिजसुद्धा. एका दिव्यावर शिवायची. तरी सकाळी फळ्यावर सहा. मग घरात दुसरं कोण? मुलगी सात वाजता आत दार लावून अभ्यास करायची. शिलाईवालीला वाटलं, चोरून काहीतरी लावत असेल, केस वाळवायचं यंत्र, नाहीतर मैत्रिणीकडून आणलेला हीटर. तिने कपाट उचकलं, दप्तर उचकलं. मुलगी शपथा घ्यायला लागली तेव्हा ती म्हणाली, मग फळा खोटं बोलतो का. मुलीने विचारलं, तुझा माझ्यावर विश्वास आहे की त्या फळ्यावर. त्यावर तिचा हात उठला.

“तुम्ही लिहिलंत म्हणजे खरंच असणार असं वाटलं,” ती म्हणाली. “तुमचं कधी चुकत नाही.”

सकाळी तासबाई सगळ्यांच्या आधी फळ्यापाशी गेली. तिने लिहिलं, ‘तांत्रिक कारणामुळे मीटरच्या पाट्यांमध्ये अदलाबदल झाली होती.’ दोन पायऱ्या खाली उतरून तिने ते वाचलं. अदलाबदल झाली होती. कुणी केली होती, वाऱ्याने? शाळेत एखाद्या सरांचा तास चुकला आणि त्यांनी असं लेखी दिलं असतं, तर तिने तो कागद परत पाठवला असता. तिने पुसलं. दुसऱ्यांदा ‘माझ्या नजरचुकीने’ लिहिलं, तेही पुसलं, कारण नजर चुकली नव्हती. नजरेने बरोबर पाहिलं होतं आणि तिने ते फडक्याने काढून टाकलं होतं. तिसऱ्यांदा लिहिलं ते राहिलं. ‘पाच आणि सहाच्या पाट्या मी चुकीच्या लावल्या. वायरमनचे बरोबर नंबर मी पुसले. गेले तीन आठवडे संध्याकाळी सर्वांत जास्त वापर माझ्या घरात होत होता. सहा नंबरच्या घरात सर्वांत कमी.’ बैठकीत काढलेल्या शब्दाबद्दल काय लिहावं ते तिला सुचलं नाही. फळ्यावर जागाही उरली नव्हती.

लोक तिच्याशी फार चांगले वागले. पेन्शनर म्हणाला, होतं असं, माणूस आहे. खालच्या मजल्यावरच्या एक बाई म्हणाल्या की तुम्ही लिहिलंत हेच मोठं मन. तासबाईच्या पाठीमागे त्यांचं दार लागल्यावर आतून हसू आलं, दाबलेलं. ते तिला त्या मोठ्या मनापेक्षा बरं वाटलं.

शिलाईवालीने फळा वाचला आणि एवढंच म्हणाली की हे इथले वाचतील, पोर इथे नाही वाचायला. ती स्वतः दोनदा मावशीच्या दारापर्यंत जाऊन परतली होती. काय तोंडाने बोलू, असं म्हणाली. म्हणून शनिवारी अर्धी शाळा करून तासबाई गेली. वाटेत तिने वाक्यं बसवून ठेवली होती, एकामागून एक. मुलीने दार उघडलं आणि उंबऱ्यातच उभी राहिली, आत या म्हणाली नाही, आणि बसवलेलं सगळं मोडलं. पाट्या, दिवा, सासरे, हीटर, तिने जसं आलं तसं सांगितलं. वळण हा शब्द मी बोलले, तो बोलायला नको होता, हेही सांगितलं. मुलगी सगळा वेळ तिच्या चपलांकडे बघत होती.

शेवटी तिने विचारलं, “आईला एकदा तरी वाटलं असेल ना, की मी खोटं बोलत नाहीये?”

हो म्हणणं सोपं होतं. तासबाईला माहीत नव्हतं. मग ती म्हणाली, “ते मी कसं सांगू. तिने तुझ्यापेक्षा मला मोठं धरलं, तेवढं मला माहीत आहे. तसं लोकांनी धरावं म्हणूनच मी ते सगळं करत होते.”

मुलगी म्हणाली, आईला यायला सांगा, तुम्ही कशाला आलात. दार तिने आपटलं नाही, हळूच लावलं.

निरोप पोचला तेव्हा शिलाईवाली कुणाच्या तरी कोटाला अस्तर लावत होती. ती सुई अर्ध्या टाक्यात सोडून उठली आणि अंगावर दोऱ्यांचे तुकडे घेऊन तशीच निघाली. रविवारी समोरच्या दाराशी चपलांचे दोन जोड होते. जिन्यात मुलगी समोरून आली तर भिंतीकडे सरकून वाट द्यायची, मोठ्या माणसाला देतात तशी, आणि वर बघायची नाही. तासबाईने फळ्यावर तास लिहिणं बंद केलं नाही. तळाची ओळ मात्र पुन्हा लिहिली नाही. सातला खाली जाणंही सोडलं.

त्यामुळे सात वाजता ती आता घरात असायची, आणि ज्याला तोंड द्यायचं होतं ते घरातच होतं. त्या संध्याकाळनंतर सासऱ्यांनी हीटर स्वतःच बाहेर काढला होता. माळ्यावर चढवणं त्यांच्याच्याने होण्यासारखं नव्हतं, म्हणून वायर नीट गुंडाळून त्यांनी तो आपल्या दाराबाहेर भिंतीला लावून ठेवला, परत करायच्या वस्तूसारखा. तिने दोनदा सांगितलं, बाबा, लावा, मी काही म्हणणार नाही. ते म्हणाले, हो हो. नवऱ्याने आत नेऊन ठेवला, तो सकाळी पुन्हा बाहेर. चार दिवस सगळे त्याला वळसा घालून जात होते.

पाचव्या दिवशी थंडी कडक होती. साडेसातला तिने हीटर उचलला आणि आत नेला. सासरे पांघरुणात होते. मांडीवर रबरी पिशवी होती. तिने ती हातात घेतली. अंगणातल्या दगडासारखी गार. तिने गुडघे टेकून वायर सोडली, प्लग लावला, दोन्ही बटणं दाबली. दोन्ही सळ्या हळूहळू तांबड्या झाल्या.

“राहू दे सूनबाई,” सासरे म्हणाले. “लाल तास आहे.”

ती म्हणाली, असू दे. आणखी काहीतरी म्हणायला हवं होतं. तिने गुडघ्यांचं विचारलं. ठीक आहेत, ते म्हणाले. झोप लागते का विचारलं. लागते. पाहुण्याला द्यावीत तशी उत्तरं होती, सभ्य आणि छोटी. हीटर त्यांच्या पायांपासून हातभर अंतरावर तापला होता आणि त्यांचे हात पांघरुणाच्या आत होते. तिने तो आणखी जवळ सरकवला. हात बाहेर आले नाहीत. मग तिच्या लक्षात आलं की ते तिच्या जाण्याची वाट बघताहेत.

ती उठली, बाहेर आली आणि दार ओढून घेतलं. तिथेच उभी राहिली. आत खुर्ची करकरली. पांघरूण सरकल्याचा आवाज आला. मग खट् झालं, आणि दाराच्या फटीतून बाहेर पडणारा तांबूस उजेड निम्मा झाला. त्यांनी दोनपैकी एक सळई बंद केली होती.

तिने कडीवर हात ठेवला, आणि दार न उघडता काढून घेतला.